जेम्स वेल्सचं पुणं, गंगाराम तांबटाचं पुणं



व्यक्तिचित्रकारांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्यभर माणसांचे चेहरे रंगवण्यापलीकडे मी फारसं काही केलेलं नाही. त्या कामाची आपण अशी दखल घेतलीत याचा मला मनापासून आनंद आहे. व्यक्तिचित्रणाचं भवितव्य, कॅमेरा, संगणक या विषयांवर या तीन दिवसांत परिसंवाद आहेत आणि तिथे माझ्याहून जाणकार माणसं बोलणार आहेत. मी आज एका चित्रकाराबद्दल आणि त्याच्या जोडीदाराबद्दल बोलणार आहे. दोघांनीही आपलं महत्त्वाचं काम याच पुण्यात केलं. दोघांपैकी एकाचं नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. दुसऱ्याचं नाव या सभागृहातल्याही बहुतेकांनी ऐकलेलं नसेल, आणि मला तेच सलतं.

नाना फडणवीस म्हटलं की आपल्या मनात एक चेहरा उभा राहतो. लांबट, निमुळता, गंभीर. सवाई माधवराव म्हटलं की कोवळ्या वयाचा, पांढऱ्या जाम्यातला, शिरपेच ल्यालेला तरुण दिसतो. महादजी शिंदे म्हटलं की भरदार अंगाचा, ठाण मांडून बसलेला सरदार. शालेय पुस्तकांत, कॅलेंडरांत, नाटकांच्या रंगभूषेत हे चेहरे इतके मुरले आहेत की ते कुणीतरी समोर बसून रंगवले असतील, हे आपल्या ध्यानातच येत नाही. या तिघांच्या आपल्या मनातल्या रूपाचा मोठा भाग जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराच्या कुंचल्यातून आला आहे. तो १७९२ मध्ये पुण्यात आला आणि १७९५ च्या नोव्हेंबरात ठाण्याला वारला. पेशवाईच्या दरबारी माणसांची तैलरंगातली जी मोजकी, प्रत्यक्ष समोर बसवून केलेली चित्रं आपल्याकडे आहेत, त्यांतली मोलाची चित्रं या तीन-साडेतीन वर्षांतली आहेत.

वेल्सचा जन्म १७४७ चा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेड या मासेमारीच्या बंदरातला. शिक्षण ॲबर्डीनला. चित्रकला बरीचशी आपली आपणच शिकलेला. पुढे तो लंडनला गेला, रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. पण त्या काळच्या लंडनमध्ये व्यक्तिचित्रकाराला पोट भरणं सोपं नव्हतं. रेनॉल्ड्स, रॉम्नी, गेन्सबरो यांच्या नावापुढे चाळिशी गाठलेल्या, आश्रयदाता नसलेल्या स्कॉटिश माणसाकडे कोण चित्र काढून घेणार? हिंदुस्थानात जाऊन पैसा कमावणाऱ्या चित्रकारांच्या गोष्टी तिथे ऐकू येतच होत्या. टिली केटल १७६९ मध्ये मद्रासला उतरला, पुढे अवधच्या नबाबाची चित्रं केली. योहान झोफनी लखनौ-कलकत्त्यात काही वर्षं राहून परतला. वेल्सनं ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी मिळवली आणि १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. त्याचं वय तेव्हा चव्वेचाळीस. या वयात नव्या देशात, नव्या उन्हात, नव्या कातडीचे रंग शिकायचे, हे किती अवघड आहे ते इथल्या प्रत्येक चित्रकाराला समजेल.

मुंबईत त्यानं बेटाची निसर्गदृश्यं काढली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये बारा चित्रांचा संच म्हणून छापली गेली, आणि आजही जुन्या मुंबईचा अभ्यास करणाऱ्याला ती टाळता येत नाहीत. घारापुरीच्या लेण्यांनी त्याला वेड लावलं. पण त्याच्या आयुष्याला खरी कलाटणी दिली ती पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटानं, चार्ल्स वॉर मॅलेटनं. मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारात कंपनीचा वकील होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम. टिपूविरुद्ध कंपनी, निजाम आणि पेशवे यांचा जो तह १७९० मध्ये झाला, तो घडवून आणण्यात त्याचा वाटा मोठा. तो प्रसंग चित्रात उतरावा असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी चित्रकार हवा होता.

१७९२ चं पुणं आपल्या डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी जूनमध्ये महादजी उत्तरेहून पुण्यात आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रं पेशव्यांना देण्याचा फर्मानबाडीचा थाटाचा सोहळा झाला. महादजी आणि नाना यांच्यातला तणाव शहरातल्या प्रत्येक वाड्यात जाणवत होता. सवाई माधवराव अठरा वर्षांचे. नाना पन्नाशीचे. महादजी साठी ओलांडलेले, पानिपतावरच्या जखमेनं पायानं अधू. अशा या शहरात एक परका माणूस रंगांचं सामान घेऊन येतो आणि या तिघांनाही समोर बसवून त्यांच्या चेहऱ्याकडे तासन्‌तास निरखून बघतो. या दोन छावण्यांत मोकळेपणानं ये-जा करू शकेल असं माणूस पुण्यात तेव्हा विरळाच होतं. वेल्सला ते जमलं, कारण तो दोन्हीकडचा नव्हता. परकेपणानं त्याच्या वाट्याला एकटेपण आलं असेल, पण हे दारही त्या परकेपणानंच उघडलं.

आता जरा कारागिरीकडे येतो, कारण ही सभा कारागिरांची आहे.

वेल्स तैलरंगात काम करत होता. ट्यूबमधला रंग तेव्हा नव्हता. त्या ट्यूब १८४१ मध्ये निघाल्या. चित्रकार रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून घ्यायचा आणि उरलेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या लहानशा पिशवीत बांधून ठेवायचा. लागेल तेव्हा टाचणीनं भोक पाडून थेंबभर पिळायचा. पुण्याच्या पावसाळ्यात तेलाचा थर वाळायला किती दिवस लागतात, हे आपण सगळे जाणतो. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की रंग चिखलासारखा होतो. वाळायची वाट बघावी तर समोरचा माणूस राज्यकारभार सोडून पुन्हा केव्हा बसणार? गिऱ्हाईक शेठ असो की पेशवा, पुढच्या बैठकीचा दिवस त्याच्याच हातात असतो.

दुसरी अडचण याहून मोठी. युरोपातल्या व्यक्तिचित्राचं सगळं व्याकरण उभ्या माणसावर किंवा खुर्चीत बसलेल्या माणसावर बेतलेलं आहे. पाय कुठे, हात कुठे, कोटाची घडी कुठे पडते, खांद्यांचा तोल कसा, हे सारं त्या बसण्या-उभं राहण्यातून ठरतं. पेशवे गादीवर मांडी घालून बसतात. तलम जाम्याखाली मांडी दिसत नाही, फक्त घेर पसरतो. ईझलपुढे उभं राहून रंगवणाऱ्याची नजर वरून पडते. दरबारात पेशव्यांच्या वर नजर ठेवून उभं राहायचं ते फक्त सेवकांनी. चित्रकारानं कुठे बसायचं, किती उंचीवर, किती अंतरावर, हा प्रश्न चित्रकलेचाही होता आणि अदबीचाही. हा प्रश्न वेल्सला रॉयल अकादमीत कुणी शिकवलेला नव्हता.

लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे त्याचं १७९२ चं मोठं तैलचित्र आहे. सवाई माधवराव आणि नाना शेजारी शेजारी बसलेले, मागे सेवक. मी त्या चित्रापुढे चित्रकार म्हणूनच उभा राहतो आणि मला जे दिसतं ते सांगतो. अंग अवघडलेलं आहे. जाम्याखालचं शरीर वेल्सला पुरतं सापडलेलं नाही. चेहऱ्यांपाशी आलं की मात्र हात बदलतो. नानांच्या चेहऱ्यावरची सावधता त्याला बरोबर मिळाली आहे. तरुण पेशव्याच्या चेहऱ्यावर ऐट आहे आणि त्या ऐटीखाली एक प्रकारचं अवघडलेपण आहे. ज्या मुलाला जन्मल्यापासून कुणीतरी सांभाळत आलं, त्याचं ते अवघडलेपण. इतिहासाची पुस्तकं पुढे त्याच्याबद्दल जे सांगतात ते मी चेहऱ्यात वाचतो आहे, असं कुणी म्हणेल. असेलही. पण रंगवणाऱ्यानं ते जागेवर पाहिलं नसतं तर मला वाचायला काही उरलं नसतं.

इथे मला माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. स्थलांतरित चित्रकाराबद्दल लिहिताना आपण सगळं श्रेय त्याच्या डोळ्याला देतो. बाहेरून आलेल्याला वेगळं दिसतं, त्यानं आपल्याला नव्यानं दाखवलं, असं म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण व्यक्तिचित्र ही दोन माणसांची बैठक असते. समोर बसणाऱ्याला काय दाखवायचं आहे, तेही चित्रात उतरतं. नाना फडणवीस हे आयुष्यभर गुप्ततेवर राजकारण केलेले गृहस्थ. त्यांच्या हेरांचं जाळं हिंदुस्थानभर पसरलेलं. असा माणूस परक्या राष्ट्राच्या वकिलानं आणलेल्या चित्रकाराला आपला आणि आपल्या धन्याचा चेहरा न्याहाळू देतो, तो भोळेपणानं नव्हे. हे चित्र मुंबईला जाईल, कलकत्त्याला जाईल, विलायतेलाही जाईल, हे त्यांना कळत असणार. पेशवे गादीवर, आपण त्यांच्या शेजारी, मागे सेवक: ही मांडणी मला तरी नानांच्या संमतीशिवाय झालेली वाटत नाही. वेल्सनं नानांना रंगवलं हे जितकं खरं, तितकंच नानांनी वेल्सकडून स्वतःला रंगवून घेतलं हेही खरं. आपल्याकडच्या अभ्यासात ही दुसरी बाजू फार क्षीण राहिली आहे.

पुण्याला चित्रं नवी नव्हती. शनिवारवाड्याच्या भिंती रंगवण्यासाठी जयपूरकडचा भोजराज आणला होता. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात आजही भिंतींवर रंगकाम दिसतं. पुण्याच्या नानावाड्यातही ते होतं. ही सगळी परंपरा छायेविना रंगवणारी. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूला अंधार पडत नाही. खेड्यापाड्यांत देवळांसाठी, संस्थांसाठी व्यक्तिचित्रं करताना मला अनेक घरांत विचारलं गेलं आहे, की आजोबांचा एक गाल काळा का केलात? हा प्रश्न शनिवारवाड्यातही कुणीतरी विचारला असेल असं मला नेहमी वाटतं. दोन संस्कृतींच्या मध्ये उभं राहणं म्हणजे रोजच्या कामात हेच असतं: कुणाच्या गालावर किती सावली टाकायची.

आता त्या दुसऱ्या नावाकडे येतो. गंगाराम चिंतामण तांबट.

वेल्स पुण्यात पाऊल टाकण्याच्या दोन वर्षं आधीपासून गंगाराम मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याचं चित्र १७९० च्या नोव्हेंबरातलं आहे. सवाई माधवरावांना जनावरांचा मोठा शौक. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. गंगाराम त्या गेंड्यापुढे बसला आणि त्यानं त्याच्या कातडीच्या घड्या एकेक करून कागदावर उतरवल्या. पुण्यातल्या माणसांना तेव्हा गेंडा म्हणजे अजबखान्यातलं नवल. गंगारामनं ते नवल म्हणून काढलेलं नाही. समोर उभ्या असलेल्या एका जिवाचं ते चित्र आहे. खऱ्या अर्थानं व्यक्तिचित्र.

गंगारामच्या घराण्याचा धंदा आडनावातच आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, एकसारख्या अंतरावर बसवत भांडं फिरवलं जातं. अशा कामात वाढलेल्या हाताला अंतर मोजायला शिकवावं लागत नाही. गंगारामनं वेरूळच्या, कार्ल्याच्या लेण्यांची जी चित्रं केली, त्यांत खांबांचं मोजमाप, दालनांची खोली, शिल्पांची जागा इतक्या काळजीनं धरलेली आहे की मॅलेटनं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठी वेरूळचा वृत्तान्त लिहिला, तेव्हा गंगारामच्या चित्रांचा आधार घेतला. वेरूळची लेणी युरोपच्या विद्वानांपर्यंत ज्या पहिल्या काही चित्रांतून पोहोचली, त्यांत पुण्याच्या एका तांबटाच्या मुलाची चित्रं होती.

वेल्स आल्यावर गंगाराम त्याचा मदतनीस झाला. मॅलेटच्या पुढाकारानं आणि पेशव्यांच्या मान्यतेनं शनिवारवाड्यातच चित्रकला शिकवणारी एक शाळा निघाली. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. तिच्या साठेक वर्षं आधी पुण्यात, पेशव्यांच्या राहत्या वाड्यात, पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकवली जात होती. आपल्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण सुरुवात जे. जे. पासून करतो. ती सुरुवात मागे न्यायला हवी.

वेल्स आणि गंगाराम यांचं नातं कसं होतं? मालक-चाकराचं होतं, त्यात शंका नाही. पैसा मॅलेटचा, नाव वेल्सचं. पण एकत्र काम करणाऱ्या दोन चित्रकारांमध्ये शिकवणं एकाच दिशेनं होत नाही. वेल्सला छाया-प्रकाश ठाऊक होता, गंगारामला पगडीचा बांधा ठाऊक होता. पुणेरी माणूस कसा बसतो, उपरणं कुठून कुठे जातं, कुठल्या दागिन्याचा मान कुणाचा, लेण्यात कुठला देव कुठला, हे वेल्सला कुणीतरी सांगितलंच असणार. त्या काळात वेल्सच्या सर्वांत जवळ बसून काम करणारा जाणकार माणूस गंगाराम होता. रॉबर्ट मेबन नावाचा एक इंग्रज सैनिकही वेल्सचा मदतनीस होता. त्यानं पुढे १७९७ मध्ये कलकत्त्याला आपल्या नावानं चित्रांचं पुस्तक काढलं. गंगारामच्या नावाचं पुस्तक निघालं नाही.

वेल्सनं मॅलेटच्या घरातली माणसंही रंगवली. त्यांत अंबर कौर हिचं व्यक्तिचित्र मला फार महत्त्वाचं वाटतं. ती मॅलेटची बीबी, त्याच्या तीन मुलांची आई. रेसिडेन्सीच्या बाहेर तिला कुणी विचारत नव्हतं आणि विलायतेत तिला जागा नव्हती. दोन जगांच्या मध्ये राहणं वेल्सनं स्वतःहून पत्करलं होतं. तिच्यापुढे तसा पर्याय कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. पेशव्यांच्या दरबाराच्या चित्रांइतक्याच निष्ठेनं वेल्सनं तिला समोर बसवलं, आणि त्याच्याकडे माणूस म्हणून पाहताना मी या चित्राला इतर सगळ्यांच्या आधी ठेवतो.

शेवटची दोन वर्षं वेल्स लेण्यांमागे होता. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल हा इंग्रज निसर्गचित्रकार आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईत आले. वेल्सनं त्यांना घारापुरी, कान्हेरी दाखवली. वेरूळचं काम त्यानं ईर्ष्येनं हातात घेतलं. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याचा विजय झाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यावरून खाली पडून गेले. वय अवघं एकवीस. वेल्स तेव्हा साष्टीच्या लेण्यांमध्ये काम करत होता. काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, तापानं ठाण्याला त्याचा अंत झाला. ज्याला त्यानं इतक्या निरखून पाहिलं तो तरुण आणि तो स्वतः, एकाच महिन्याभराच्या अंतरानं गेले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. वेल्सची कागदपत्रं आणि चित्रं मॅलेटकडे गेली. १७९९ मध्ये मॅलेटनं वेल्सची थोरली मुलगी सुझाना हिच्याशी लंडनमध्ये लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. त्यांतला ह्यू पॉइंट्झ मॅलेट पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला, आणि १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढून त्यानं ते थंड हवेचं ठिकाण उजेडात आणलं. ज्या ठाण्यात आजोबा वारले, त्याच जिल्ह्याचा कारभार नातवाच्या हाती आला. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये कोरीव चित्रांचा संच काढला. आणि १७९० च्या तहाचा तो दरबार मॅलेटनं अखेर डॅनियलकडून १८०५ मध्ये रंगवून घेतला. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्सनं गोळा केलेल्या चेहऱ्यांवरून, रेखाटनांवरून त्यानं ते चित्र उभं केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तो दरबार भरला त्या शनिवारवाड्यातल्या गणपती रंगमहालाचा डौल आपल्याला त्या चित्रातून कळतो. कारण मूळ महाल १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याबरोबर जळून गेला. ज्या वास्तूचं आज जोतं उरलं आहे, तिच्या आतला प्रकाश कसा होता हे त्या चित्रामुळे अंदाजता येतं.

या सगळ्या साखळीत गंगारामचं काम कुठे कुठे मिसळलेलं आहे, हे शोधणं अजून बाकी आहे. त्याची आणि वेल्सची रेखाटनं, वेल्सची रोजनिशी, हे मोठ्या प्रमाणात आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. २०११ मध्ये तिथे या संग्रहावर प्रदर्शन झालं. हॉली शाफर या विदुषींनी त्यावर मोठं काम केलं आहे. आधी मिल्ड्रेड आर्चर यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश व्यक्तिचित्रांवर ग्रंथ लिहिला तेव्हा वेल्सला जागा दिली. आपल्याकडे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी शंभर वर्षांपूर्वीच पुण्यावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मॅलेट आणि या चित्रकारांची आठवण ठेवली. अलीकडे पुण्याच्याच उदय कुलकर्णी यांनी वेल्सवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ही सगळी थोर कामं आहेत. पण ती बहुतेक सगळी इंग्रजीत आहेत. पुण्याच्या चित्रशाळेत शिकणाऱ्या मुलाला गंगारामचं नाव मराठीत कुठे वाचायला मिळेल, हा माझा प्रश्न आहे.

आणि या इंग्रजी अभ्यासाला एक मर्यादा आहे. तो मॅलेटच्या आणि वेल्सच्या कागदांवर उभा आहे. पेशव्यांच्या बाजूचे कागद पुण्यातच आहेत. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यांत रोजकीर्दी आहेत, खर्चाचे तपशील आहेत, कुणाला किती वस्त्रं दिली, कुणाला काय बक्षीस मिळालं याच्या नोंदी आहेत. चित्रकाराला शिरपाव दिला का, शाळेसाठी जागा, कागद, दिवाबत्ती कुणाच्या हुकुमानं मिळाली, गंगारामला काही नेमणूक होती का, या प्रश्नांची उत्तरं असतील तर तिथे असतील. वेल्सच्या रोजनिशीतली तारीख घ्यायची आणि त्याच तारखेचे पेशव्यांचे कागद काढायचे. एका बैठकीच्या दोन्ही बाजू पहिल्यांदाच शेजारी ठेवता येतील. चित्रकारांना मोडी येत नाही आणि मोडी वाचणाऱ्यांना चित्रात काय शोधायचं ते कुणी सांगितलेलं नाही. हे दोघं एका टेबलाशी बसायला हवेत.

मी वेल्सवर इतका वेळ बोललो, त्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या व्यक्तिचित्रणाचा इतिहास बघा, स्थलांतरितांनी भरलेला दिसेल. गोव्यातल्या सांग्याचे आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईला आले, जे. जे.मध्ये शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. कोकणातून, कोल्हापुरातून, खानदेशातून किती चित्रकार मुंबईला गेले, परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या शेठजींना, न्यायमूर्तींना, पारशी घराण्यांना त्यांनी समोर बसवलं. आज आपली मुलं टोरांटोत, दुबईत, लंडनमध्ये कमिशनवर व्यक्तिचित्रं करतात. तिथे त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसाचीही एक बाजू असते, आणि त्यांच्या शेजारी रंग घोटून देणारा, वाट दाखवणारा एखादा गंगारामही असतो. त्याचं नाव चित्राच्या मागे लिहून ठेवा, असं मी त्यांना आवर्जून सांगतो. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेल्या एका ओळीला शंभर वर्षांनी सोन्याचं मोल येतं.

या संमेलनाकडून मला एवढंच हवं आहे. वेल्सच्या रोजनिशीचा पुण्याशी संबंधित भाग मराठीत यावा. गंगारामच्या सगळ्या उपलब्ध चित्रांच्या चांगल्या प्रती करून त्यांचं प्रदर्शन याच शहरात भरावं. येलनं यातल्या पुष्कळ चित्रांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, तेव्हा मुद्रणाचा खर्च सोडला तर अडचण नाही. आणि पेशवे दफ्तरात १७९० ते १७९५ या काळातले चित्रकार, चित्रं, चित्रशाळा यांचे उल्लेख शोधण्यासाठी मोडी जाणणाऱ्या तीन-चार तरुणांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळावी. समारोपाच्या सभेत या तिन्हींचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. शिष्यवृत्तीच्या निधीत माझ्या या वर्षीच्या चित्रांचं मानधन मी जमा करत आहे. आपणही यथाशक्ती भर घालावी, ही विनंती.

उद्या सकाळी दहा वाजता शेजारच्या दालनात गंगारामच्या गेंड्याच्या आणि वेरूळच्या चित्रांच्या प्रती मांडलेल्या असतील. तिथे दीड तासाची चर्चा ठेवली आहे. चित्रकारांनी भिंगं आणावीत. आणि ज्यांना मोडी वाचता येते, त्यांनी कृपया पुढच्या रांगेत बसावं.